परत जायचे म्हणजे कोठे?

‘परत जाणे’ हे क्रियापद वरवर साधे दिसते. परंतु ते उच्चारणाऱ्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, आपण कोठून तरी निघालो होतो. आणि दुसरी, जेथून निघालो ते ठिकाण अद्याप आपले आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या घरांतून गेल्या पंचवीस वर्षांत हे क्रियापद वारंवार कानी येऊ लागले आहे. मुले शिक्षणासाठी आणि पुढे नोकरीसाठी पुण्यास जातात, तेथेच सदनिका घेतात, आणि निवृत्तीनंतर आईवडीलही त्यांच्यामागे निघतात. निरोपाच्या वेळी सांगितले जाते ते ‘आम्ही पुण्यास जात आहोत’ असे नव्हे, तर ‘आम्ही महाराष्ट्रात परत जात आहोत’ असे. हा निर्णय योग्य की अयोग्य याची चर्चा येथे करावयाची नाही. तो ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो. मराठी साहित्याने परतीच्या या अनुभवाला कोणते रूप दिले आणि त्या रूपात आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांची ओळख पटते का, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम ‘परत’ या शब्दाकडे पाहू. आमच्यापैकी अनेकांचे पूर्वज अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या सैन्यासमवेत, दप्तरांसमवेत वा देवस्थानांच्या सेवेसाठी माळव्यात आणि गुजरातेत आले. महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी. म्हणजे ज्या राज्यात आपण परत जातो असे म्हणतो, त्या राज्यातून आपले पूर्वज कधी निघालेच नव्हते. ते निघाले सातारा प्रांतातल्या एखाद्या गावातून, कोकणातल्या एखाद्या वाडीतून, गोदाकाठच्या एखाद्या खेड्यातून. पुष्कळ घरांत त्या गावाची खूण आता केवळ आडनावात आणि कुलदैवताच्या नावात उरली आहे.

हैदराबादची कथा निराळी. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. नांदेडहून हैदराबादेस नोकरीला आलेला मनुष्य परराज्यात गेला असे कोणी म्हटले नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे गाव मुंबई राज्यात गेले आणि बिऱ्हाड आंध्र प्रदेशात राहिले. २ जून २०१४ पासून तेच बिऱ्हाड तेलंगणात आहे. घर हलले नाही, राज्येच घरावरून गेली. बडोदे १९४९ पासून १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणजे त्या काळात पुणे आणि बडोदे एकाच राज्यातली शहरे होती. बेळगावकरांना तर हा शब्द लागूच पडत नाही. तेथील मराठी माणसाचे म्हणणे घर उचलून राज्यात न्यावे असे नसून, राज्याने घरापर्यंत यावे असे आहे. आणि गोव्यातील मराठी वाचकाचे गृहराज्य गोवा हेच आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलाने गोवा महाराष्ट्रापासून वेगळा राहिला, तरी तेथील मराठी त्यामुळे परकी झाली नाही.

हा इतिहास मनात ठेवून मराठीतील परतीच्या साहित्याकडे वळले, तर प्रथम नाव घ्यावे लागते ते महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे. १९८५ साली विजया मेहता यांनी रंगमंचावर आणलेले हे नाटक विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात घडते. तात्याजींचे निधन झाले आहे, आणि मुंबईस स्थायिक झालेला सुधीर पत्नी अंजलीसह गावी आला आहे. नाटकाचा विषय वाड्याचा आणि सरंजामी घराण्याचा ऱ्हास, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु आमच्यासारख्या वाचकाला त्यातील दुसरी गोष्ट अधिक जाणवते : परतून आलेला आणि मागे राहिलेला यांच्यातील हिशेब.

सुधीर आला आहे तो पाहुणा म्हणून आणि वारस म्हणूनही. ही दोन नाती एकाच माणसात एका वेळी नांदू शकत नाहीत, आणि नाटकातील ताण बव्हंशी येथूनच उत्पन्न होतो. दिवसकार्याचा खर्च कोणी करावयाचा, दागिन्यांचे काय करावयाचे, वाड्यातील हिस्सा कोणाचा, हे प्रश्न वरवर पैशांचे आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र हा की, येथे राहून वाडा सांभाळणाऱ्याच्या वर्षांची किंमत काय? भास्कर आणि वहिनी यांनी घर चालविले. चंदूचे आयुष्य त्या घराची कामे करण्यात संपले. प्रभाला शिकावयाचे होते, ते राहून गेले. सुधीर मुंबईत सुखात आहे अशी घरच्यांची समजूत. गावी अद्याप वैभव आहे अशी, निदान अंशतः, सुधीरची आशा. दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि त्या खोट्या ठरेपर्यंत कोणी एकमेकांशी खरे बोलत नाही. अंगणात उभा असलेला न चालणारा ट्रॅक्टर हा या मौनाचाच एक भाग आहे. तो चालू होणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण कोणी तो हलवीत नाही.

एलकुंचवारांचे मोठेपण आम्हांस असे वाटते की, त्यांनी कॅमेरा परतणाऱ्याच्या खांद्यावर ठेवला नाही. परतीच्या सामान्य कथेत नायक गावी येतो, बदललेले पार आणि बुजलेली विहीर पाहतो, उसासा टाकतो आणि निघून जातो. मागे राहिलेली माणसे त्या देखाव्यात झाडांसारखी उभी असतात. येथे सुधीर येण्यापूर्वीही वाडा चालू होता आणि तो गेल्यावरही त्याला चालावेच लागणार आहे. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील नाटकांत गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत जाते. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ही तीन नाटके सलग सादर केली, तेव्हा हा काळाचा पट प्रेक्षकांना एकत्र दिसला. त्रिनाट्याच्या अखेरीस परदेशात राहिलेला अभय आणि गावी राहिलेला पराग समोरासमोर येतात. तेथे कोण गेला आणि कोण राहिला याला फारसा अर्थ उरत नाही, कारण दोघांच्याही पायाखालची भूमी सारखीच कोरडी झाली आहे. परतणाऱ्याला गाव वाचविता येत नाही, आणि गावाला परतणारा वाचविता येत नाही. मराठीत परतीविषयी इतके निर्दय आणि तरीही इतके सहानुभूतीचे विधान दुसरे आमच्या पाहण्यात नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्याकडे परतीचे स्वरूप वेगळे आहे. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून सांगवीस परततो तो पराभूत होऊन, गाव त्याला ना शिक्षा देते ना दिलासा, फक्त सामावून घेते. ‘हिंदू’तील (२०१०) खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या आजारपणाची वार्ता ऐकून निघतो. प्राचीन संस्कृतीचे थर मोजणाऱ्याला आपल्याच घराचे थर उकलावे लागतात, ही कल्पना समर्थ आहे. परंतु दोन्ही कादंबऱ्यांतील गाव नायकाला ओळखते. खंडेरावाला पिढ्यांचे ओझे नकोसे होते, पण ते ओझे त्याचेच आहे याविषयी कोणालाही शंका नसते.

आमचा वाचक येथेच थबकतो. धरणगाव असो, सांगवी असो, मोरगाव असो, या सर्व परतींत तीन गोष्टी जाग्यावर आहेत : घर उभे आहे, ओळखणारी माणसे आहेत, आणि परतणाऱ्याची भाषा कोणी तपासून पाहत नाही. आमच्या परतीत या तिन्ही नसतात. आम्ही परततो ते ज्या शहरात आपले कोणी पूर्वज राहिलेच नव्हते अशा शहरात, बाराव्या मजल्यावरील सदनिकेत, आणि शेजारी पहिल्या दिवशी कौतुकाने म्हणतात की, तुमचे मराठी बाहेरच्या मानाने चांगले आहे. शासनाच्या लेखी तर आमचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो; अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अडीचशे वर्षे घरात मराठी जपलेल्या कुटुंबाला मराठी राज्यात पंधरा वर्षे उमेदवारी करावी लागते. शासनाने नियम करू नयेत असे नव्हे. परंतु एवढा उपरोध समोर असताना त्यावर एखादी समर्थ कथा आमच्या वाचनात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

बृहन्महाराष्ट्राने मोठे लेखक दिले नाहीत म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. भा. रा. तांबे यांचा जन्म १८७३ साली मुंगावलीचा आणि आयुष्याचा अखेरचा काळ ग्वाल्हेरचा. १९४१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. ते परत गेले नाहीत, त्यांची कविता गेली. ती घरोघर गायिली गेली आणि कवी कोठला, हे कोणी विचारले नाही. त्यांच्या समग्र कवितेचे १९३५ साली संपादन केले ते माधव जूलियन यांनी, आणि त्यांचाही जन्म बडोद्याचा. प्रारंभी आपल्या कवितेत फार्सी शब्दांची मुक्त उधळण करणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला. त्याची कारणे अनेक असतील. परंतु भाषेच्या सीमेवर वाढलेल्याला तिच्या शुद्धीची आच अधिक लागते, हे आमच्यापैकी प्रत्येक घराने अनुभवले आहे.

त्याहून बोलका दाखला मुक्तिबोध बंधूंचा. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा. घर मराठी, लेखन हिंदी, आणि हिंदी काव्यात त्यांचे स्थान अढळ. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले, नागपूरला स्थिरावले, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी १९७९ साली साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळविते झाले. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नाव मात्र ‘क्षिप्रा’. म्हणजे नदी उज्जैनचीच राहिली. गजाननरावही १९४८ नंतर सुमारे दहा वर्षे नागपुरात होते आणि १९५८ साली राजनांदगावला गेले. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच नगरात काही काळ राहिलेले, पण दोन साहित्यांचे मानकरी. त्यांपैकी परत गेला कोण आणि बाहेर राहिला कोण? शरच्चंद्रांनी भाषेकडे परत जाऊन माळवा सोबत नेला, गजाननरावांनी भाषा ओलांडून घरातले मराठीपण सोबत नेले. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर हे स्वतःच मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. गृहराज्याच्या सीमा अशा सरकत्या असतील, तर लेखकाचे घर नकाशावर शोधणे व्यर्थ आहे.

आता स्वकीयांच्या लेखनाविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. आमच्या संस्थांच्या अंकांतून आणि स्मरणिकांतून परतीविषयी जे लेखन येते, ते बहुतांशी दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार गौरवाचा : पूर्वजांच्या सनदा, राजवाड्यातील मान, गणेशोत्सवाचे जुने वैभव. दुसरा प्रकार हळहळीचा : पुण्यात गेलो, पण इंदूरची सराफ्यातली रात्र तेथे नाही. दोन्हींत खोटे काही नाही. तरी दोन्हींत धोका पत्करलेला नाही. सुधीर आणि भास्कर यांच्यात जो हिशेब होतो, तो आमच्या लेखनात होत नाही. थोरला भाऊ ग्वाल्हेरच्या वाड्यात राहिला, धाकट्याने हिस्सा विकून पुण्यात घर घेतले. वृद्ध आईस कोठे ठेवावयाचे हे ठरविताना काय बोलले गेले? सून गुजराती वा तेलुगू असेल, तर महाराष्ट्रात ‘परत’ जाताना ती कोठे जात असते? आयुष्यभर हिंदी शेजारणींत रमलेली आजी मराठी शहरात मुकी का होते? हे सर्व घरोघर घडते आणि लेखणी उचलली की गळून पडते.

या मौनाचे मूल्य केवळ वाङ्मयीन नाही. कुटुंबे निघून जातात तेव्हा मागे ग्रंथालये राहतात, नाट्यमंडळींचे पडदे राहतात, बंद पडत चाललेल्या मराठी शाळा राहतात, आणि ती सांभाळणारे चारदोन वृद्ध राहतात. ते आमचे भास्कर आणि चंदू होत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हीही साजरा केला. परंतु भाषेचा दर्जा आणि भाषेचा मुक्काम या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमच्या शहरांतून मराठीचा मुक्काम हलत असेल, तर त्याची नोंद करण्याचे काम राजधानीतील लेखक करणार नाहीत. त्यांना ते दिसणारच नाही.

म्हणून आमची अपेक्षा एवढीच की, जे गेले त्यांनी आणि जे राहिले त्यांनीही आता लिहावे. आणि लिहिताना एलकुंचवारांकडून एक गोष्ट घ्यावी. ज्या घरातून माणूस निघतो, त्या घरातही दुसऱ्या दिवशी सकाळ होते, हे विसरू नये. परतीची आमची खरी कथा पुण्याच्या सदनिकेत सुरू होते तशीच ती ग्वाल्हेरच्या रिकाम्या झालेल्या माजघरातही सुरू होते. दोन्हीकडची लेखणी मराठी राहिली, तर कोण परत गेले आणि कोण राहिले, याचा निवाडा पुढच्या पिढ्यांनी खुशाल करावा.