अर्नाळ्याची ओहोटी: तळाने घडवलेली रचना

उधाणाची ओहोटी पाहावी ती अर्नाळ्याला. पुनव-अवसेच्या सुमारास पाच मीटरच्या आसपास चढलेले पाणी सहा तासांत उतरते. वैतरणेच्या मुखातून धार सुटते आणि तिच्या वाटेवर उभा असतो १७३७ साली मराठ्यांच्या हाती आलेला जलदुर्ग. दुर्गाच्या बेटाला घासून ती पुढे धावते, पण आडोशाचे पाणी मागेच राहते. धावते आणि थबकलेले पाणी जिथे भेटते, तिथे प्रवाह आत मुरडतो. भोवरा जन्मतो.

या भोवऱ्याचे खरे सौंदर्य वरच्या गरगरण्यात नाही, तळाशी आहे. चहा ढवळून चमचा काढला की पत्ती कपाच्या मध्यभागी गोळा होते. त्याचा उलगडा आइन्स्टाइनने १९२६ मध्ये केला. तळाला घासणारे पाणी मंदावते, त्याचा बाहेर जाण्याचा जोर ओसरतो. आत ढकलणारा दाब मात्र तेवढाच राहतो. समुद्रातही तळचे पाणी असेच केंद्राकडे सरकते, रेती ओढून आणते. बेटांच्या आणि भूशिरांच्या आडोशाला रेतीचे दांडे वाढतात ते असे. मग तोच दांडा पुढच्या भोवऱ्याला वळण लावतो. पाणी तळ घडवते, तळ पाण्याला घडवतो.

ही रचना किनाऱ्यापाशी संपत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये फिरत्या टाकीच्या तळाशी एक वस्तू सरकवली, तर तिच्यावरचा पाण्याचा अख्खा स्तंभ तिच्यासोबत सरकला. फिरत्या पृथ्वीवरच्या समुद्रालाही तळाची अशीच बांधिलकी आहे. उथळ चढणीवर स्तंभ आखूड होतो, त्याची फिरकी बदलते. म्हणून खोल अरबी समुद्रातले शेकडो किलोमीटरचे भोवरे चढण चढण्याऐवजी तिच्या कडेने वळतात. मुंबई-वसईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. महाभोवऱ्यांना दूर ठेवणारा हाच विस्तीर्ण उथळपणा भरतीला मात्र उंच करतो. अर्नाळ्याच्या धारेचा जोर त्याचेच देणे.

वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांची डोल याच जोरावर चालते. तळात रोवलेल्या कवीला, म्हणजे खुंटाला, बांधलेले हे जाळे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते. बोंबील, जवळा पाण्याच्या ओढीनेच आत येतो. कव कुठे मारायची हे ठरवताना धार, खोली आणि चिखल एकत्रच जोखावे लागतात. तळ आणि पाणी यांना वेगळे न मानणारे हे ज्ञान आहे. वैतरणेतली रेती उपसताना आपण तेवढेच शहाणपण दाखवायला हवे, कारण रेती हलली की धारही हलते.