एरिक सीगल यांच्या ‘लव्ह स्टोरी’तील आजार आणि मौन

येल विद्यापीठात अभिजात साहित्याचे अध्यापन करणारे एरिक सीगल (1937–2010) यांची ‘लव्ह स्टोरी’ ही छोटेखानी कादंबरी 1970 साली प्रसिद्ध झाली. तिला अफाट वाचकवर्ग लाभला. विद्वन्मान्यता मात्र लाभली नाही. अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्डच्या परीक्षकांनी राजीनाम्याचा इशारा दिल्यानंतर पुरस्काराच्या स्पर्धेतून तिचे नाव वगळण्यात आले. भावविवश, वाचकाला रडविण्यासाठीच लिहिलेली, असा तिच्यावरील आक्षेप आजही अभ्यासकांत रूढ आहे. तो निराधार नाही. तथापि, असाध्य आजाराविषयी कोणी कोणाशी काय बोलावे, हा प्रश्न या कादंबरीने ज्या समजुतीने हाताळला आहे, तो या आक्षेपाखाली झाकला गेला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथानक सर्वपरिचित आहे. हार्वर्डमधील धनाढ्य घराण्याचा ऑलिव्हर आणि बेकरीचालकाची कन्या जेनी वडिलांचा विरोध पत्करून विवाह करतात. अपत्य होत नाही म्हणून दोघे तपासण्या करून घेतात आणि त्यातून जेनीचा रक्ताचा असाध्य आजार उघड होतो. डॉक्टर ही गोष्ट प्रथम सांगतात ती ऑलिव्हरला, जेनीला नव्हे. वर, घरी शक्य तितके नेहमीसारखे वागण्याचा सल्लाही देतात.

आजच्या वाचकाला हे खटकेल; त्या काळी ते खटकण्यासारखे नव्हते. डोनाल्ड ओकेन यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979 च्या तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. कादंबरी या दोन टोकांच्या मधल्या काळातील आहे आणि तिच्यातील ताण नेमका याच संक्रमणाचा आहे.

ऑलिव्हर पॅरिसची विमानाची तिकिटे आणतो. ज्या पॅरिसमधील संगीतशिक्षण जेनीने विवाहासाठी सोडले, ते शहर आता भेट म्हणून द्यावे, हा त्याचा हेतू. जेनी तिकिटे नाकारते. तिला हवा असतो तो वेळ, आणि तो देणे त्याच्या हाती नसते. प्रकृती बिघडत चालल्याने ती स्वतःच डॉक्टरांना गाठून जाब विचारून आलेली असते. पतीने आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी रचलेले मौन रुग्णाईत स्त्रीच मोडते. यानंतर सीगल अश्रुपात मांडत नाहीत. डॉक्टर येल विद्यापीठाचे असल्यावरून थट्टा करू देतात. दांपत्याची जुनी चेष्टेची भाषा आजारानंतरही तशीच टिकते, आणि माझ्या मते कादंबरीतील खरी संवेदनशीलता येथे आहे. आपण हे तिला सांगायला हवे होते, ही ऑलिव्हरची अपराधी जाणीवही लेखकाने एकाच वाक्यात आटोपली आहे.

दुसरे मौन पितापुत्रांमधले. उपचारांसाठी ऑलिव्हर वडिलांकडे पाच हजार डॉलर मागतो, पण कारण सांगत नाही. एखाद्या मुलीच्या भानगडीत अडकल्याचा त्यांचा समज तो तसाच राहू देतो. आजार लपविण्यासाठी माणूस स्वतःची बदनामीही सोसतो, हे आपल्याकडील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. वर्गात हा प्रसंग शिकविताना घरातील एखाद्या आजाराविषयी ‘आजीला सांगितलेच नव्हते’ असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात.

मर्यादा दाखविल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. सुझन सोंटाग यांनी 1978 मधील ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या ग्रंथात या नायिकेचा उल्लेख केला आहे. शरीर विद्रूप करणारी शस्त्रक्रिया ज्यात नसते असाच कर्करोग तिच्या वाट्याला येतो, हे त्यांनी अचूक टिपले. क्षयाने मरणाऱ्या जुन्या नायिकांची ही वारसदार. तिच्या वेदना, रुग्णशय्येवरची कुरूपता यांना कादंबरीत जागा नाही.

याहून गंभीर उणीव कथनतंत्राची आहे. निवेदन सर्वस्वी ऑलिव्हरचे असल्याने जेनी डॉक्टरांसमोर बसून सत्य ऐकते तो प्रसंग वाचकाला दिसतच नाही. तिने नंतर पतीला सांगितलेला वृत्तान्त तेवढा आपल्या हाती येतो. शेवटी ऑलिव्हर वडिलांच्या मिठीत रडतो. चित्रपटात ही मिठी नाही, तेथे तो एकटाच निघून जातो. कादंबरीत दोन पुरुषांमधील दुरावा सविस्तर मिटविला जातो; डॉक्टरांच्या खोलीतून एकटी घरी परतणाऱ्या जेनीसाठी मात्र लेखकाने एक परिच्छेदही राखून ठेवलेला नाही.