सपाट म्हणजे योग्य? पर्यटन-योग्यता नकाशांबद्दल एक आक्षेप

भूगोल किंवा रिमोट सेन्सिंगमध्ये पीएचडीचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांमध्ये एक विषय हमखास दिसतो: 'अमुक तालुक्यातील शाश्वत पर्यटनासाठी जीआयएस-आधारित योग्यता नकाशा'. पद्धतही ठरलेली. उंचीचं डिजिटल मॉडेल, म्हणजे डीईएम, डाउनलोड करायचं, त्यातून उतार काढायचा, रस्ते, पाणी, जमीनवापर यांचे थर त्यावर ठेवायचे, एएचपीने प्रत्येकाला वेटेज द्यायचं आणि शेवटी हिरवा-पिवळा-लाल नकाशा छापायचा. काम नीटनेटकं दिसतं. माझा आक्षेप त्यातल्या 'शाश्वत' या शब्दाला आहे.

कास पठाराचं उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळचं, साधारण १,२०० मीटर उंचीवरचं हे जांभ्याचं पठार. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, त्यांत कासही आहे. इथे खडकावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि त्या ओल्या, निकस जागांत गेंद, सीतेची आसवं अशी फुलं येतात. सीतेची आसवं तर कीटकभक्षी, कारण मातीतून पुरेसं पोषण मिळतच नाही. कुठे काय उगवणार, हे इथे काही सेंटिमीटरच्या उंचसखलपणावरही ठरतं.

आता आपलं मॉडेल बघा. बहुतेक जण वापरतात तो एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानावरच्या रडारने घेतलेला. पिक्सेल साधारण ३० मीटरचा. म्हणजे ९०० चौरस मीटरला उंचीचा एकच आकडा, आणि त्यातही काही मीटरची चूक असू शकते. खळगे यात दिसणार कुठून? मॉडेलला एवढंच कळतं की उतार कमी आहे आणि रस्ता जवळ आहे. झालं, दोन्ही निकषांत पैकीच्या पैकी! जिथे पाऊलही जपून टाकायचं, तीच जागा नकाशावर गडद हिरवी होते.

'संरक्षित क्षेत्राचा थर घातला की झालं,' असं कुणी म्हणेल. कासपुरतं ते चालेल. पण कोकणातले बहुतेक सडे संरक्षित क्षेत्रात नाहीत. त्यांतल्या काहींवर तर कातळशिल्पं आहेत. तीही डीईएमला दिसत नाहीत.

दुसरा मुद्दा एएचपीचा. सुसंगती गुणोत्तर ०.१ च्या आत आलं की वेटेज बरोबर, असा समज पक्का झालाय. तुमच्या तुलना एकमेकींशी फारशा विसंगत नाहीत, इतकंच ते गुणोत्तर सांगतं. चुकीचं मतही सुसंगत असू शकतं ना! उताराला जास्त वेटेज द्यायचं की मातीच्या जाडीला, हा निर्णय शेवटी माणसाचाच असतो. तो कुणी आणि का घेतला, हे प्रबंधात लिहिलेलं असायला हवं.

तिसरा मुद्दा पडताळणीचा. 'सध्याची पर्यटनस्थळं आमच्या योग्य वर्गातच पडली' हा पुरावा म्हणून दिला जातो. पण रस्त्याची जवळीक हाच निकष असेल, तर आधीच गजबजलेल्या जागा वर येणारच. यातून लोक कुठे जातात ते कळतं. कुठे जाऊ नयेत, ते कळत नाही.

याचा अर्थ साधन टाकाऊ आहे असा नाही. वाहनतळाचं सांडपाणी कोणत्या ओढ्याकडे जाईल, नियोजित इमारत गडाच्या माचीवरून दिसेल का, पायवाट कुठे फार चढणीची होईल, याचा पहिला अंदाज ३० मीटरच्या डीईएमवरूनही येतो. प्रश्न त्या मापाचा हवा. सेंटिमीटरचा प्रश्न असेल तर परवानगी काढून ड्रोन सर्वेक्षण करा, आणि पावसाळ्यात स्वतः जागेवर जा.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी तपासा. जे वाचवायचंय ते तुमच्या पिक्सेलपेक्षा लहान आहे का? वेटेज थोडं हलवलं तर हिरवा भाग किती सरकतो? आणि पर्यटकांची सोय व जागेची सहनशक्ती हे दोन वेगळे नकाशे केलेत का? दोन्ही एकाच बेरजेत घातले, तर चांगला रस्ता नाजूक मातीचे गुण भरून काढतो. नकाशात हे चालून जातं. पठारावर ती माती परत यायला फार काळ लागतो.