अभिरक्षकाची दृष्टी आणि वारली भिंत : ज्याँ-ह्युबेर मार्तँ यांच्या कारकिर्दीचे एक मूल्यमापन

प्रास्ताविक

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील माहीम, डहाणू, जव्हार हा टापू 2014 पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. या टापूतील वारली चित्रकला आज जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली आहे. तिच्या या प्रवासाचा विचार कलावंतांच्या अंगाने पुष्कळ झाला. परंतु चित्र कोठे, कशाशेजारी व कोणत्या नावाने लागावे हे ठरविणाऱ्या अभिरक्षकाचा विचार मराठीत क्वचितच झाला. प्रस्तुत लेखात फ्रेंच अभिरक्षक ज्याँ-ह्युबेर मार्तँ (जन्म 1944) यांच्या कारकिर्दीची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

भिंतीकडून कागदाकडे

वारल्यांचा लग्नचौक सवासिनी लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवी अवतरते. लग्न पार पडले की चित्राचे प्रयोजन संपते. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलेला कागद उपलब्ध करून दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे विधीवाचूनही नित्य चित्रे काढीत. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले.

1989 चे प्रदर्शन

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1984 मध्ये ‘आदिमतावादा’वर प्रदर्शन भरविले होते. त्यात आफ्रिका व ओशनियातील वस्तू पाश्चात्त्य चित्रकारांच्या प्रेरणास्रोत म्हणून मांडल्या होत्या; त्यांचे कर्ते बहुतांशी अनाम होते. मार्तँ यांनी 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात व ला व्हिलेत येथे ‘भूमीचे जादूगार’ या आशयाच्या शीर्षकाने प्रदर्शन मांडले. शंभराहून अधिक कलावंतांपैकी सुमारे निम्मे पाश्चात्त्य जगाबाहेरचे होते आणि प्रत्येकाची नोंद त्याच्या नावानिशी होती. म्हसे त्यांपैकी एक होत. आदिवासी कलावंत हा समकालीन कलावंत आहे, हे यातून मान्य झाले. मार्तँ यांचे हे कार्य निःसंशय मोठे आहे.

तथापि आक्षेपही गंभीर होते. प्रदर्शनात स्वतः सहभागी असलेले रशीद अराईन यांनीच त्यावर टीका केली. पाश्चात्त्येतर देशांतील आधुनिक कलापरंपरेला वगळून ‘अस्सल’ परंपरेचाच शोध घेतला गेला, असा त्या टीकेचा रोख होता. ला व्हिलेत येथे ऑस्ट्रेलियातील युएन्दुमूच्या आदिवासींचे भूमिचित्र जमिनीवर होते, तर त्यामागील भिंतीवर रिचर्ड लाँग यांचे मातीचे प्रचंड वर्तुळ होते. समतेची घोषणा करणाऱ्या दालनात नजर प्रथम कोणाकडे जात होती, हे उघड आहे.

ड्यूसेलडॉर्फचा संवाद

मार्तँ ड्यूसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयाचे संचालक असताना, 2003 मध्ये, तेथे लाँग व म्हसे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. त्या वर्षी लाँग वारली प्रदेशात पायी हिंडले होते. 1989 च्या मांडणीतील विषमतेला दिलेले हे उत्तर मानता येईल. येथे दोनच कलावंत होते आणि दोघांच्या नावांना सारखे वजन होते. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्यांतील असंख्य ठिपके-रेषा आणि लाँग यांचे मातीने माखलेले हात यांत श्रमाचे व भूमीचे नाते समान दिसते. मात्र साम्य दिसते म्हणून अर्थ एक होत नाही. लाँग यांच्यासाठी भूमी हे चालण्याचे स्थळ आहे. वारल्यांसाठी ती उपजीविका आहे आणि देवताही.

निष्कर्ष

मार्तँ यांनी वारली कलावंताला नाव मिळवून दिले. 2011 मध्ये पद्मश्री लाभलेले म्हसे 2018 मध्ये निवर्तले, तेव्हा ते जगन्मान्य होते. परंतु संग्रहालयाची नोंदवही एका नावावर थांबते. ज्यांच्या हातून ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या सवासिनींची नावे त्या वहीत नाहीत. पुसली जाणारी भिंत संग्रहालयात नेता येत नाही, ही अभिरक्षकाची मर्यादा होय. भिंत लिहिणारीचे नाव नोंदविणे मात्र अशक्य नव्हते. ती जबाबदारी आता दूरच्या संग्रहालयांपेक्षा याच जिल्ह्यातील महाविद्यालयांवर व अभ्यासकांवर अधिक येते.