वाचकाने वसवलेली ‘बनगरवाडी’

कथात्म साहित्यातील स्थळे आणि माणसे लेखकाने पुरवलेल्या तपशिलांच्या बेरजेतून डोळ्यांसमोर उभी राहतात, असा एक समज आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या समजाला छेद देते. माडगूळकर चित्रकारही होते. रेषा कोठे थांबवावी हे त्यांना ठाऊक होते. माणदेशातील धनगरांची ही वस्ती वाचकाला एकदम दाखवली जात नाही. नवखा शिक्षक राजाराम पायी चालत तिच्याजवळ जातो, एकेका माणसाला भेटतो, तसतशी ती घडत जाते. ज्याच्या डोळ्यांनी हे सारे पाहायचे, त्या निवेदकाचा स्वतःचा चेहरा मात्र जवळजवळ कोराच राहतो. तो कोरा आहे म्हणूनच वाचकाला त्याच्या जागी उभे राहता येते.

माणदेश कधीही न पाहिलेल्या वाचकाचे काय? जयपूरच्या दुर्गापुरा भागात वाढलेला एखादा मराठी वाचक कल्पावा. अवर्षण त्याला परके नाही. बाजरी तर घरचीच, तेथील कृषी संशोधन केंद्राने तिचे संकरित वाणही दिले आहेत. मुरमाड माळाच्या जागी तो वाळूची जमीन पाहील. त्याने फारसे बिघडत नाही. ‘तालीम’ या शब्दाशी मात्र तो अडखळेल. हिंदीच्या सवयीने त्याला शिक्षण आठवेल; शिक्षकाच्या पुढाकाराने गाव तालीम बांधते म्हटल्यावर तर वर्गखोलीच दिसेल. पुढील मजकूर ती खोली पुसून तेथे कुस्तीचा हौदा आणतो. वाचकाची कल्पना स्वैर नसते. संहिता तिला असे वळण लावीत राहते.

अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटाने राजारामाला चेहरा दिला. माध्यमाला ते भागच होते. (आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटानंतर ‘श्यामची आई’ वनमालाबाईंच्या चेहऱ्यावाचून पाहणे असेच अनेकांना अवघड झाले.) परंतु पडद्यावरची वाडी प्रेक्षकापुढे तयार येते, कादंबरीतील वाडी वाचकाने स्वतःच्या आठवणीतल्या भिंती, वाटा आणि म्हातारी माणसे खर्ची घालून वसवलेली असते. अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, धनगर बिऱ्हाडे उचलून जगायला बाहेर पडतात. ज्याने ही वस्ती मनात बांधलीच नाही, त्याला ती केवळ एका दुष्काळाची हकीकत वाटेल. दुर्गापुऱ्यातल्या वाचकाची वाळूवरची बनगरवाडी मात्र घरागणिक ओस पडत जाते, आणि शिक्षक निघतो तेव्हा मागे वळून पाहण्याजोगे त्याच्याजवळ एक गाव असते.