ल्युबो बाबिच : रंगभूमीच्या आसऱ्याने वाढलेला चित्रकार

ज्याला बरंच काही येतं त्याच्याकडे समीक्षक जरा संशयानेच बघतात. क्रोएशियन चित्रकार ल्युबो बाबिच (1890–1974) तर चित्रं काढायचा, नेपथ्य करायचा, पोस्टर आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करायचा, कलेचा इतिहास लिहायचा, संग्रहालयांची दालनं मांडायचा. वर झाग्रेबच्या कला अकादमीत कित्येक दशकं मास्तरकी. एवढ्या व्यापात त्याच्यातला चित्रकार दबून गेला, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याची कसदार चित्रं रंगमंचाच्या सावलीतच झाली. चित्रकाराला नडला तो त्याच्यातला समीक्षक.

1916 सालचं ‘काळा झेंडा’ घ्या. त्या नोव्हेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्त्स योझेफ वारला. महायुद्ध चालूच होतं. बाबिच तेव्हा 26 वर्षांचा, म्युनिकमध्ये चित्रकार श्टुककडे शिकून आलेला. त्याने ना सम्राट रंगवला, ना शवपेटी. झाग्रेबच्या रस्त्यावर एक अवाढव्य काळं कापड वरून लोंबतं आहे आणि खाली गर्दीतली माणसं चिमुकली झाली आहेत. दुखवट्याचा झेंडा म्हणून टांगलेलं ते कापड नाटकाच्या पडद्यासारखं खाली येतं, आणि पडणार आहे ते साम्राज्यच, असं वाटू लागतं. युद्धानंतरच्या ‘लाल झेंडे’मध्येही रस्ता, जमाव आणि कापड एवढंच साहित्य आहे, पण तिथे सगळं उसळतं.

ही नजर नाटकवाल्याची आहे. दिग्दर्शक ब्रांको गावेला, नाटककार मिरोस्लाव क्रलेझा आणि बाबिच या तिघांनी झाग्रेबच्या रंगभूमीचा चेहरामोहरा बदलला. 1922 मध्ये क्रलेझाचं ‘गोलगोता’ गावेलाने बसवलं, नेपथ्य बाबिचचं. रंगवलेल्या देखाव्यांची भरताड काढून त्याने प्रकाश आणि मोजक्या आकारांवर भिस्त ठेवली. 1925 च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात त्याच्या नेपथ्याला ग्रां प्री मिळालं, ते उगाच नव्हे.

मधेच 1920 ची स्पेनची वारी येते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले ग्रेको, वेलास्केझ, गोया त्याने बघितले, पण हाताला लागलं ते ऊन. तिथे केलेल्या जलरंगांत कागद मोकळा सोडायचं धाडस आहे. कुठलंही तत्त्व सिद्ध करायची घाई नाही. मला हा बाबिच सगळ्यांत प्रिय.

मग 1929 च्या सुमारास येरोलिम मिशे आणि व्लादिमिर बेत्सिच या चित्रकारांबरोबर ‘तिघांचा गट’ जमला आणि ‘आपली अभिव्यक्ती’ हा ध्यास सुरू झाला. आपल्या मातीचा रंग, आपल्या टेकड्यांची घडण. प्रश्न खरा होता : म्युनिक आणि पॅरिसच्या वाऱ्या करणाऱ्या पिढीने तो कधीतरी विचारायलाच हवा होता. चित्रकार हेगेदुशिच आणि ‘झेम्ल्या’ या कलावंत-गटातले त्याचे सोबतीही तोच विचारत होते, मात्र खेड्यातल्या दारिद्र्याच्या अंगाने. ‘जन्मभूमी’ मालिकेतल्या बाबिचच्या निसर्गचित्रांत हात कसलेला आहे, रंगसंगती बिनचूक आहे. तरीही टेकडी दिसायच्या आधीच ती कशी दिसली पाहिजे हे त्याच्यातल्या समीक्षकाने ठरवून टाकलंय, अशी शंका येत राहते.

1939 मध्ये अकादमीत दाखल झालेला चित्रकार एदो मुर्तिच बाबिचचाच विद्यार्थी. 1950 च्या दशकात तो अमेरिका बघून आला आणि थेट अमूर्ताच्या वाटेला लागला. ‘आपलं’ की ‘परकं’, या वादात त्याने फारसा वेळ घालवलेला दिसत नाही.