‘लपाछपी’तील अनामिक शोक

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. भयपट म्हणून त्याला बाजूस सारणे सोपे आहे. परंतु त्यातील भयाचे मूळ शोकात आहे. उसाने वेढलेल्या घरात आलेल्या गरोदर नेहाला लपाछपी खेळणारी मुले दिसतात. हा मनाचा भास की भूतबाधा, हा प्रश्न काही काळ अनिर्णित राहतो. रहस्य उलगडते तेव्हा दिसते ते मुलींचा जन्मच नाकारणारे घर.

मराठीत ‘पुत्रशोक’ रूढ आहे. ‘कन्याशोक’ समासाच्या नियमाने सिद्ध होतो, व्यवहारात मात्र क्वचितच ऐकू येतो. उलट ‘नकुशी’ हे विशेषनामच होऊन बसले! सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना नवी नावे द्यावी लागली. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यांची मोजदाद झाली. आयांच्या शोकाला पंचनाम्यात रकाना नसतो. ज्याला शब्द नाही, त्या दुःखाला चित्रपटाने भुताचे रूप दिले, हे त्याचे खरे यश होय.

अखेरीस तो उपदेशाकडे कलतो व भय विरते. उसाच्या सऱ्यांत वाट न सापडणारी नेहा जे सांगून जाते, ते शेवटच्या संवादांना साधलेले नाही.